पावतीकाकांनी कॅशे जप्त केला

पावतीकाकांनी सकाळी चहाच्या आधी घरातल्या कॉम्प्युटरला शिस्त लावली आणि चहा गाळून होईपर्यंत कॉम्प्युटरने मान टाकली. ही बातमी घरात फुटायला मात्र दुपार उजाडली, कारण असल्या सुधारणांचा गवगवा करायची काकांना सवय नव्हती. चांगलं काम करावं आणि गप्प बसावं, असा त्यांचा बाणा होता. त्यातलं गप्प बसणं तेवढं त्यांना फारसं जमत नसे.

पावतीकाका हे नाव त्यांना कारखान्यात चिकटलं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या भांडारात त्यांनी सगळी हयात काढली. पावती दाखवल्याशिवाय त्यांच्या खिडकीतून कधी साधा वॉशरही बाहेर पडला नाही. एकदा खुद्द मोठे साहेब टाचणी मागायला आले, तर काकांनी त्यांनाही पावती लिहून आणायला परत धाडलं. साहेबांनी पावती आणली, तोवर जेवणाची सुट्टी झाली होती, म्हणून काकांनी खिडकी लावून घेतली.

पण काकांचा खरा दावा होता तो कामगारांच्या खणांशी. भांडार आवाराच्या एका टोकाला आणि यंत्रं दुसऱ्या टोकाला, त्यामुळे कामगार चार नट, चार बोल्ट हळूच आपल्या खणात ठेवून देत. काका याला 'चोरटा साठा' म्हणत आणि अचानक धाड घालून तो जप्त करत.

"अहो, एकेका नटासाठी एवढं चालायचं, मग पंप कधी बनवायचे?" कामगार विचारत.

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा साठा जुळला पाहिजे."

साठा अगदी चोख जुळायचा. पंपांचं काय व्हायचं, ते काकांच्या खात्यात येत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर कमरेच्या किल्ल्या गेल्या आणि काकांना जप्त करायला काही उरलं नाही. उरला तो मुलाने शिकत असताना घेतलेला कॉम्प्युटर. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि कॉम्प्युटर मागे राहिला. तो जरा सावकाश चालायचा, हे खरं. पण मुलाने फोनवर "बाबा, तो भंगारात द्या, मी नवा पाठवतो," म्हटलं आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सावकाश चालतो म्हणून भंगारात द्यायचा? मग उद्या जिन्यात दम लागला म्हणून बापालाही देशील! हे वाक्य त्यांनी फोन ठेवल्यावर उच्चारलं, पण पुरेशा मोठ्याने. "नवा या घरात येणार नाही. हाच पळवून दाखवतो," असा पण करून ते कॉम्प्युटरबद्दल मिळेल ते वाचू लागले.

आणि वाचता वाचता त्यांना कॅशे सापडला. लिहिलं होतं, की प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य कामगार, वारंवार लागणारी माहिती मुख्य मेमरीतून आणून एका छोट्या साठ्यात स्वतःजवळ ठेवतो. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. त्याचे फायदे पुढच्या पानावर दिले होते. काकांनी पुढचं पान उलटलंच नाही. स्वतःजवळ साठा! मुख्य भांडाराला न विचारता! आपल्याच घरात, आपल्याच टेबलाखाली, इतकी वर्षं!

"तरीच," ते म्हणाले. "तरीच हा सुस्तावलाय. सगळं हाताशी मिळाल्यावर अंग कोण हलवणार?"

कॉम्प्युटर सुरू होताना एक कळ दाबून धरली की सेटिंगचा निळा पडदा येतो, हे मुलाने पूर्वी घड्याळ लावताना दाखवलं होतं. त्या पडद्यावर प्रोसेसरच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कॅशेंच्या ओळी होत्या. काकांनी दोन्ही बंद केल्या. मग एवढं केल्यावर कुलूप हवंच, म्हणून सेटिंगला पासवर्डही टाकला. खूप दिवसांनी धाड घातल्याचं समाधान घेऊन ते अंघोळीला गेले.

आता काकूंचं सांगायला हवं. काकू विणत. नुसत्या विणत नसत, तर स्वेटरचे नमुने स्वतः रचत आणि कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन रंगवून त्याचा आलेख काढत. उलट टाक्याला एक रंग, सुलट टाक्याला दुसरा. एका मासिकाने त्यांचा नमुना पहिल्यांदाच घेतला होता, तोही पूर्ण पानभर. संपादकबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आज संध्याकाळी पाचपर्यंत आलेख आला तर तुमचा, नाहीतर ते पान दुसऱ्या बाईंना." नमुना कसला आहे, हे काकूंनी कुणालाच दाखवलं नव्हतं. काका आसपास आले की त्या पडद्यावर टॉवेल टाकत. काकांनाही त्यात डोकावायची हौस नव्हती. लोकर हा माल त्यांच्या भांडारात कधी आलाच नव्हता.

नमुन्याची फक्त डावी बाजू उरली होती. पदर खोचून काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. त्या उठून भाजी चिरून आल्या. पडदा निळा झाला होता. त्या कपडे वाळत घालून आल्या. पडद्यावर एक चित्र अर्धं आलं होतं आणि उरलेलं यावं की नाही, या विचारात होतं.

"अहो, हा असं काय करतोय?"

"काम करतोय," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आजवर करत नव्हता."

कसाबसा आलेख उघडला. काकूंनी एका चौकोनावर क्लिक केलं. चौकोन तसाच. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग बऱ्याच वेळाने तिन्ही क्लिक एकदम लागू पडले आणि चौकोन रंगून, पुसून, पुन्हा रंगला. काकूंनी कपाळाला हात लावला आणि मुलाला फोन केला.

"आई, कुणी काही सेटिंग बदललंय का?" मुलाने विचारलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पेपरातल्या हवामानाच्या रकान्यात बुडून गेले होते.

"अहो, विचारतोय तो. काही बदललंय का?"

"मी काही बिघडवलेलं नाही," काका म्हणाले. हे त्यांच्या दृष्टीने शंभर टक्के खरं होतं.

"मग गेला तो," मुलगा म्हणाला. "आई, मी आजच नवा ऑर्डर करतो, परवा येईल."

"परवा येऊन मी त्याची पूजा करू? मला पाचच्या आत पाठवायचंय!"

"आणि नवा येणार नाही!" काका पेपरामागून गरजले. "सांग त्याला!"

शेवटी काकूंनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, त्याने डबा उघडला, आत फुंकर मारली आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं काकूंकडे बघितलं.

"काय आहे काकू, प्रोसेसर म्हातारा झालाय."

"म्हातारा?" काका ताडकन उठले. "म्हातारा म्हणजे काय? काल धडधाकट चालत होता!"

"असंच असतं काका. काल चालतो, आज बसतो. आमच्याकडे एक चांगला सेकंडहँड आहे…"

"म्हणजे म्हातारा झाला की उचलायचा आणि दुसरा आणून बसवायचा! तुम्हा लोकांना दुसरं काही सुचतच नाही का?" काकांचा आवाज चढला, आणि चढता चढता मध्येच थोडा कापला. कारखान्यातून त्यांना निरोप दिला, त्याच दुपारी त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस बसला होता. ते त्यांना फार लागलं होतं आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंना मात्र माहीत होतं.

मेकॅनिक घाईने म्हणाला, "बरं, निदान सेटिंग तरी बघतो." त्याने कळ दाबून धरली, वाट पाहिली, कळ सोडली, पुन्हा दाबली. "याला पासवर्ड कुणी टाकला?"

"मी टाकला. आणि तो कुणालाही मिळणार नाही."

"मग मी काय बघू?"

"दार बघा," काका म्हणाले.

मेकॅनिक गेला. काकूंनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून ठेवला आणि त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात कमरेवर होते. भाजीवाल्याशी बोलताना ते हात कमरेवर गेले, की भाजीवाला आधी भाव उतरवायचा आणि मग बोलायचा.

"काय केलंत?"

आता लपवणं काकांना शक्यच नव्हतं, कारण मुळात त्यांना अभिमान वाटत होता. त्यांनी छाती पुढे काढून सगळं सांगितलं. चोरटा साठा, धाड, जप्ती, कुलूप. "यापुढे त्याला जे हवं ते मुख्य भांडारातून. एका वेळी एक नग. थोडे दिवस रडेल, मग लागेल वळण."

"पण म्हणून तो हळू झालाय ना?"

"हळू नाही, शिस्तीत."

"ते परत सुरू करा."

"एकदा जप्त केलेला माल मी आयुष्यात परत दिलेला नाही!"

 काकूंनी शांतपणे आलेख पुन्हा उघडायला लावला. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि ठाण मांडून बसलं. "आता हे होईपर्यंत मला नाहीतरी काही उद्योग नाही," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून बराच वेळ डब्यांचे आणि शिडीचे आवाज येत राहिले. काकांनी विजय मिळाला असं समजून पाय पसरले.

थोड्या वेळाने त्यांना चहाची तल्लफ आली. ते आत गेले, तर गॅसच्या बाजूची फळी धुऊन पुसून स्वच्छ. साखर नाही, चहाची पूड नाही, मीठ नाही, गाळणंसुद्धा नाही.

"साखर कुठाय?"

"मुख्य भांडारात," काकू स्टुलावर विणत बसल्या होत्या, त्यांनी सुईने वर दाखवलं. माळ्यावर सगळे डबे ओळीने मांडले होते. "मी बाई सगळं हाताशी घेऊन बसत होते. चोरटा साठाच की तो. तुमचं ऐकून माझे डोळे उघडले."

काका काय ते समजले. पण समजलं म्हणून माघार घेतील तर ते पावतीकाका कसले! "उत्तम!" ते म्हणाले. "असंच पाहिजे." आणि शिडी चढले. त्यांनी साखरेचा डबा काखेत मारला, दुसरा हात पुडीच्या डब्याकडे नेला.

"एका वेळी एक नग," खालून आवाज आला.

काका साखर घेऊन उतरले. चमचाभर साखर पातेल्यात टाकली. "झालं काम? मग डबा परत जमा करा," काकू म्हणाल्या. काकांनी डबा वर नेला. रिकामे उतरले, तेव्हा आठवलं की पूड आणायची राहिली. परत चढले. पूड आली, गेली. दूध वर नव्हतं, तेवढ्यापुरतं त्यांना मनातल्या मनात हायसं वाटलं, तर दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढायला सांडशी वर होती. गाळणं आणायला गेले तेव्हा चहा उतू गेला. तो पुसायचं फडकं माळ्यावर होतं.

"चालतंय ना नीट?" काकूंनी विचारलं.

"झकास!" काका शिडीच्या मधल्या पायरीवर धापा टाकत म्हणाले. गुडघे बोलायला लागले होते. अंगठ्याला वाफ लागली होती. पातेल्यात जे उरलं होतं ते अर्धा घोट भरेल इतकंच होतं आणि कप अजून वर होता. पण त्यांनी तो आणला. तो अर्धा घोट त्यांनी उभ्याउभ्या, काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवून प्यायला. गार होता. "असा चहा आजवर झाला नव्हता," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

पण कप परत ठेवायला वर चढताना त्यांना त्या कामगारांची आठवण झाली, ती नको असताना झाली. एकेका नटासाठी आवार तुडवत जाणारी ती माणसं. हे असं होतं तर, त्यांच्या मनात आलं. त्यांनी तो विचार तिथल्या तिथे दाबला. पण दाबलेला विचार त्यांच्याबरोबर शिडी उतरून खाली आला.

बाहेर वाळूचं घड्याळ गेलं होतं. आलेख उघडला होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते आणि डावी बाजू तशीच कोरी होती. काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या, टोमणे मारत नव्हत्या. नुसत्या त्या कोऱ्या चौकोनांकडे बघत होत्या.

"पहिल्यांदाच घेतलं होतं हो त्यांनी," त्या म्हणाल्या.

 काका खुर्चीमागे येऊन उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "सरक जरा. त्या साठ्याची मी पुन्हा तपासणी करणार आहे. नियमात बसत असेल, तर विचार करता येईल."

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, कळ दाबून धरली. निळा पडदा आला. पासवर्ड बोटांना पाठ होता, भांडाराच्या कुलपाचाच आकडा तो. पण पुढे सगळ्या ओळी मुंग्यांसारख्या दिसायला लागल्या. काकांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा सपाट होता.

काकांचा तो खिसा म्हणजे एक प्रकरण होतं. चष्मा, दोन पेनं, खोकल्याच्या गोळ्या, छोटा स्क्रूड्रायव्हर, कंगवा, रबरबँड असं सगळं त्यात असे, आणि त्या वजनाने काकांचा प्रत्येक शर्ट एका बाजूला ओघळलेला असे. पेपर वाचून चष्मा खिशात टाकून आडवं होण्याआधी त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला होता आणि उठल्यावर तोच अंगात घातला होता, एवढं त्यांना आठवत होतं.

"माझा खिसा कुणी रिकामा केला?"

"धाड घातली," काकू म्हणाल्या. "तुम्ही पाय पसरून झोपला होतात तेव्हा. केवढा तो साठा! आणि तोही मुख्य भांडाराला न विचारता."

"ते वेगळं! ते मला सारखं लागतं!"

बोलून गेल्यावर ते वाक्य काकांना स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं.  काकूंनी ते त्यांना पुरतं ऐकू दिलं.

"चष्मा माळ्यावर आहे," मग त्या म्हणाल्या.

"चष्म्याशिवाय मला चष्मा सापडायचा कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा साठा जुळला पाहिजे." मग घड्याळाकडे बघून त्यांनी स्वतःच सुस्कारा टाकला. "थांबा. पावती मी लिहिते, तुम्ही सही करा." त्यांनी एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहिलं, काकांनी न वाचता सही केली, कारण वाचणं शक्यच नव्हतं. आयुष्यात त्यांनी न वाचता केलेली ती पहिली सही. काकू तरातरा शिडी चढल्या आणि चष्मा घेऊन आल्या. चष्माच, बाकी काही नाही.

चष्मा डोळ्यांवर चढताच काकांनी आधी पावती वाचली. 'हट्ट, एक नग. भांडारात जमा केला.' खाली त्यांचीच लफ्फेदार सही होती. त्यांनी पावती घडी करून ठेवून दिली आणि दोन्ही कॅशे सुरू केले.

कॉम्प्युटर असा उठला की काकूंना बोटं सरसावायलाही वेळ मिळाला नाही. आलेख उघडला. चौकोनावर क्लिक केलं की चौकोन रंगायचा. खरं तर तो कालच्याइतकाच चालत होता, पण दिवसभराच्या हालांनंतर दोघांनाही तो उधळल्यासारखा वाटला. काकूंची बोटं नाचायला लागली. उलट, सुलट, उलट, सुलट. पडद्यावर टॉवेल टाकायचं त्यांना भान राहिलं नाही आणि काकांनी पहिल्यांदाच नमुना पाहिला.

पुरुषाचा बिनबाह्यांचा स्वेटर होता. पुढे आणि आतून कप्पेच कप्पे. एक उभा, अरुंद, शेजारी बारीक अक्षरात 'चष्मा'. त्याला लागून दोन पेनांचे. खाली गोळ्यांचा, झाकणासकट. स्क्रूड्रायव्हरसाठी दुहेरी विणीचा, टोक टोचू नये म्हणून. आणि कप्प्यांचं वजन पेलायला एका खांद्याला जादा टाके घातले होते, म्हणजे स्वेटर एका बाजूला ओघळणार नव्हता. कोणत्या खांद्याला, ते बघायची काकांना गरज नव्हती.

"नाव द्यायचं राहिलंय," काकू म्हणाल्या. मग वरच्या मोकळ्या जागेत त्यांनी टाइप केलं, 'जवळचा साठा'. आणि पाचला थोडा वेळ असताना पाठवून दिलं.

 या घरात आपण म्हाताऱ्या प्रोसेसरसारखे टेबलाखाली पडून आहोत असं काका समजत होते, आणि इथे कुणीतरी त्यांच्या खिशाचा एकेक नग मनात नोंदवून ठेवला होता.  ते जवळ वाकले आणि बोटाने एकेक कप्पा तपासू लागले.

"कंगव्याला कप्पा नाही," ते म्हणाले.

"पावती आणा," काकू पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या. "मग बघू."

"आणतो की! मी काय घाबरतो?" काका छाती काढून ताठ झाले आणि पावती लिहिण्यासाठी पेन काढायला त्यांनी खिशात हात घातला. तो तसाच बाहेर काढला, आणि मुकाट्याने शिडीकडे गेले.